कुत्रा गुन्हेगार, कुऱ्हाड निर्दोष?

भामरागडच्या जंगलात माडिया माणूस कुत्रा घेऊन शिरला, कुत्र्याने शेकरू झाडावर चढवलं आणि याने तीर सोडला, की हा गुन्हेगार. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा तसंच सांगतो. २००६च्या वनहक्क कायद्यानेही शिकारीचा हक्क वगळलाच. मला हे मान्य आहे. शेकरू राज्यप्राणी आहे, वाचलंच पाहिजे.

पण वाचून राहायचं कुठे? ते उंच झाडावर घरटं बांधतं, फांदीवरून फांदीवर उड्या मारत जगतं. आणि २०२५मध्ये केंद्राने सूरजागडच्या लोहखनिज प्रकल्पासाठी गडचिरोलीतली लाखावर झाडं तोडायला मंजुरी दिली. कुत्रा शेकरू झाडावर चढवतो. ही मंजुरी झाडच काढून घेते.

शेकराच्या नावाने आदिवासीला पकडता ना? मग त्याच नावाने कुऱ्हाडही अडवा. नाहीतर राज्यप्राण्याचा हा पुळका बंद करा.