सपाटीवरचा किल्ला

ज्येष्ठ वाचकहो, किल्ला म्हटले की चढण आठवते आणि गुडघे आधीच नकार देतात. राजगड-तोरणा आता छायाचित्रांतच पाहायचे, असे आपण मनाशी ठरवूनही टाकलेले असते. परंतु नवी मुंबईहून एका दिवसात जाऊन येता येईल असा एक किल्ला सपाट भूमीवर उभा आहे. तो म्हणजे वसईचा किल्ला. खरे पाहता ते तटबंदीने वेढलेले एक संपूर्ण शहरच होते. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून वसई पोर्तुगिजांकडे गेली. पुढील दोन शतके या तटाच्या आत चर्च, मठ आणि सरदारांचे वाडे नांदले. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने हे शहर जिंकले. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील प्रचंड घंटा आपण पाहिली असेल, तर वसईच्या त्या विजयाची खूणच आपण पाहिली आहे.

किल्ल्यातून बंदराकडे जाणारा रस्ता असल्याने वाहन बरेच आतपर्यंत जाते. मग अडचण कशाची? पुष्कळदा ती गुडघ्यांची नसते. वाटेत लघवीला जावे लागले तर काय, ही ती न बोललेली भीती असते. त्यापायी कित्येक ज्येष्ठ प्रवासाच्या दिवशी पाणीच पीत नाहीत, तर काही जण लघवी वाढवणारी गोळी परस्पर वगळतात. दोन्ही गोष्टी घातक आहेत. उन्हात शरीरातील पाणी घटले की रक्तदाब उतरतो, भोवळ येते आणि माणूस पडतो. उतारवयात एका पडण्याची किंमत खुब्याच्या हाडाने मोजावी लागते. गोळीची वेळ प्रवासापुरती पुढे-मागे करता येते का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांनाच विचारावे. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असेल, तर तेच पाळावे.

सोबत जाणाऱ्या मुला-सुनांना, लेकी-जावयांना येथे एक विनंती. आई-बाबांनी संकोच सोडून विचारावे, अशी वेळ त्यांच्यावर आणू नका. ठाणे-घोडबंदर मार्गावर वाहनांची कोंडी होते. तेव्हा वाटेत कोठे थांबायचे ते आधीच ठरवा आणि 'जरा सगळेच उतरूया' असे म्हणून थांबा. किल्ल्याच्या आत स्वच्छतागृहाची सोय गृहीत न धरता वसई गावातच ते उरकून घ्या. शोषक पॅड किंवा डायपर वापरण्यात कमीपणा नाही. चष्मा आणि काठीसारखेच तेही एक साधन आहे.

जावे ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, सकाळी लवकर. पावसाळ्यात दगडांवर शेवाळ असते. पायांत मागून बंद असलेली, न घसरणारी पादत्राणे हवीत. मधुमेहींनी अनवाणी चालू नये. खिशात साखर आणि वेळेवर खाण्यासाठी फराळ ठेवावा. बायफोकल चष्म्याच्या खालच्या भागातून पायरी धूसर दिसते, म्हणून दूरचे पाहण्याचा वेगळा चष्मा असल्यास तो लावावा. चर्चच्या मनोऱ्यातील गोल जिन्याचा मोह टाळावा. तेथे चढण्यापेक्षा उतरणे अवघड. बसल्यावर एकदम उठू नये. छातीत दुखणे, बोलण्यात गोंधळ किंवा भोवळ जाणवली, तर फेरफटका तेथेच थांबवून थेट रुग्णालय गाठावे.

सारे शहर एका दिवसात पाहण्याचा अट्टहास कशाला? एखादे चर्च, तटाचा एक तुकडा आणि चिमाजी अप्पांचे स्मारक एवढेही पुरेसे आहे. घडीची खुर्ची सोबत घ्या, सावलीत मांडा आणि आजी-आजोबांना नातवंडांना १७३९ ची हकिकत सांगू द्या. कोठे थांबायचे आणि केव्हा परतायचे, हे मात्र त्या खुर्चीत बसलेल्या माणसाने ठरवावे.