वाक्प्रचारांचे सोवळे



गावाकडच्या मराठी शाळांना आपण इथून पुस्तके पाठवतो. त्यांत इंग्रजी वाक्प्रचारांचा एखादा संग्रह हमखास असतो. माझ्या मते तो पैसा वाया जातो.

'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' पाठ करून कोणाचे इंग्रजी सुधारले? मुसळधार पावसाला लोक सरळ 'पोअरिंग' म्हणतात. शोधनिबंधालाही वाक्प्रचार लागत नाहीत, साधी नेमकी वाक्ये लागतात.

मुलांची अडचण वेगळीच आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत मधे. 'अ' आणि 'द' यांसारखी उपपदे मराठीत नाहीत. 'मला माहीत आहे' मधला 'आहे' धरून मूल 'आय अ‍ॅम नोइंग' म्हणते. हा मठ्ठपणा नव्हे, मराठीचे तर्कशास्त्र आहे. शिक्षकांनी दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली तर गाठ सुटते. मग हवे भरपूर सोपे वाचन.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी आहे. तेव्हा वाद शिकवावे की नाही हा नाही, कसे शिकवावे हा आहे. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला तो मुक्तीसाठी. आपण मात्र त्या भाषेचे सोवळे करून बसलो. 'प्रीपोन' ऐकून हसणाऱ्यांनी ऑक्सफर्डचा कोश उघडावा, तो शब्द तिथे आहे.

पुढच्या खेपेस गोष्टींची सोपी पुस्तके पाठवू. आणि सुटीत गावी गेल्यावर मुलांचे मोडकेतोडके इंग्रजी न हसता ऐकू.