ऊसतोड्याच्या लेकराने रहिवास कोणाला दाखवायचा?

पदव्युत्तर प्रवेशाचे दिवस आले की बीड जिल्ह्यातील सेतू केंद्रांपुढे रांगा लागतात. गुणपत्रिका हातात असते, प्रवेश परीक्षेचा निकालही चांगला असतो. अडते ते अधिवास प्रमाणपत्रापाशी. हा कागद नसेल तर आपले मूल महाराष्ट्राचे उमेदवार ठरत नाही, आणि महाराष्ट्राचे ठरले नाही तर शिष्यवृत्ती नाही, फी माफी नाही. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीदेखील विद्यार्थी ज्या राज्याचा कायम रहिवासी, त्याच राज्याने द्यायची असते. म्हणजे सारी फी एका कागदावर टांगलेली!

हा कागद मिळवायचा तर महाराष्ट्रातील १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. ज्याच्या नावावर सातबारा आहे, वाडा आहे, वीजबिल आहे, त्याला यात काही अवघड नाही. पण आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतील भूमिहीन माणसाचे काय? दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल अंगावर घेऊन तो कोयता उचलतो आणि सांगली-कोल्हापूरच्या, नाहीतर थेट कर्नाटकातल्या बेळगावच्या फडावर जातो. सहा महिने त्याचे घर म्हणजे पाचटाची कोप. लेकरू तिथेच जन्मते. जन्माची नोंद जन्माच्या ठिकाणीच करायची, असा १९६९ चा कायदा आहे. नोंद झाली तर कागदावर कर्नाटक येते आणि झालीच नाही तर कागदच नसतो. वीस-बावीस वर्षांनी ते लेकरू एम.ए., एम.एस्सी.ला जाऊ म्हणते, तेव्हा त्यालाच विचारले जाते, तू इथला कशावरून?

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला यापुढे आणखी एक पायरी चढायची असते. जातीच्या दाखल्यासाठी त्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पूर्वजांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. त्या दिवशी बीड महाराष्ट्रात नव्हते, हैदराबाद राज्यात होते. मुंबई राज्यात ते १ नोव्हेंबर १९५६ ला आले. ज्यांना जमीन धरू दिली नाही, शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांच्याच नातवंडांकडे आज जमिनीचा आणि शाळेचा जुना कागद मागितला जातो. ज्या व्यवस्थेने कागद होऊ दिला नाही, तिनेच तो मागावा, याला न्याय म्हणायचे काय?

रहिवासाची अट मुळातच चूक आहे, असे आम्ही म्हणत नाही. १९५५ साली इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रकरणात, डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत राज्य या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले की जन्मस्थान वेगळे आणि रहिवास वेगळा. राज्याच्या पैशावर चालणाऱ्या महाविद्यालयात राज्यातील रहिवाशांना फीची सवलत देण्यास घटनेची आडकाठी नाही. खुद्द बाबासाहेबांनीही घटना समितीत नोकऱ्यांच्या बाबतीत रहिवासाच्या अटीला जागा ठेवली. मुळे नसलेली, या प्रांतातून त्या प्रांतात उडणारी पाखरे स्थानिकांचा घास घेतील, ही त्यांची चिंता होती. मात्र ही अट घालण्याचा अधिकार अनुच्छेद १६(३) ने राज्यांच्या हाती न देता संसदेकडे ठेवला, हेही विसरता कामा नये.

बाबासाहेबांचा हाच निकष बीडच्या ऊसतोड्याला लावून पाहा. तो उडते पाखरू आहे काय? त्याचे मत गावात, रेशन कार्ड गावात, म्हातारे आईबाप गावात आणि मेल्यावर मातीही गावातच. सहा महिने तो जातो तो पोटासाठी, आणि ज्या साखरेवर या राज्यातील सत्ता पोसली गेली तो ऊस तोडण्यासाठी. राज्याच्या तिजोरीत त्याच्या घामाचा वाटा आहे. मग त्या तिजोरीतून मिळणाऱ्या सवलतीत त्याचे लेकरू परके कसे?

२९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातील रहिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरविले. त्यामुळे आता अधिवासाचा प्रश्नच मिटला, असा समज कोणी करून घेऊ नये. तो निकाल त्या जागांपुरता आहे. शिष्यवृत्ती आणि फी माफीची अट जिथल्या तिथे आहे. उलट १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी जन्मदाखला हाच आधार झाला आहे. आज फडावर जन्मणाऱ्या लेकराची नोंद चुकली, तर त्याची वाट पदव्युत्तर वर्गापर्यंत नव्हे, पहिलीच्या दारातच अडेल.

म्हणून आमची शासनाकडे साधी मागणी आहे. हंगामी स्थलांतराने वास्तव्यात खंड पडत नाही, असा स्पष्ट शासन निर्णय काढा. ग्रामसेवकामार्फत ऊसतोड कामगारांना जे ओळखपत्र दिले जाते, ते रहिवासाचा पुरावा म्हणून स्वीकारा. जुना कागद नसेल तिथे तलाठ्याने गावात जाऊन गृहचौकशी करावी. गरिबाला तहसीलच्या चकरा मारायला लावू नये. दाखल्यांची शिबिरे दसऱ्यापूर्वी घ्या. आईबाप फडावर गेल्यावर प्रतिज्ञापत्रावर सही कोण करणार?

कार्यकर्त्यांनीही केवळ मागणी करून थांबू नये. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले, ते मराठवाड्यातील आपल्या मुलांना शिकायला मिळावे म्हणून. त्या दारापर्यंत पोचलेले एकही मूल कागदासाठी मागे फिरता कामा नये. जयंतीच्या वर्गणीतून एक दिवसाचा मंडप कमी करा, पण वस्तीवरील प्रत्येक दहावी पास मुलाचे दाखले काढून ठेवा. पदव्युत्तर प्रवेशाची तयारी पदवीनंतर सुरू होत नसते, ती टोळी गाव सोडण्याच्या आधी सुरू करावी लागते.