आधी ओसरी

मागच्या रविवारी तात्यांना एक इंग्रजी सिनेमा दाखवला. तात्या म्हणजे आमच्या भावकीतले, माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. वय 78. बीडात मुलाकडे असतात. इंग्रजीचा गंध नाही, मराठी अक्षरं खाली उमटत नव्हती, म्हणून मी शेजारी बसून सांगत होतो. अर्ध्या तासात त्यांनी एकच शंका काढली, "ह्याच्या ट्रॅक्टरला नंबर प्लेट कामून नाही?"

तो ट्रॅक्टर नव्हताच. अंगणातलं गवत कापायचं, वर बसून चालवायचं यंत्र होतं. 1999 सालचा 'द स्ट्रेट स्टोरी' हा सिनेमा, दिग्दर्शक डेव्हिड लिंच. जानेवारी 2025 मध्ये लिंच गेले तेव्हा सगळ्यांनी त्यांच्या काळोख्या, अंगावर येणाऱ्या सिनेमांवर भरभरून लिहिलं. मीही याच स्तंभात तेच केलं आणि हा सिनेमा एका ओळीत उरकला. आज ती उधारी फेडतो.

गोष्ट खरी आहे. आयोवा राज्यातल्या लॉरेन्स गावचा 73 वर्षांचा अल्विन स्ट्रेट 1994 च्या उन्हाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या माउंट झायनला निघाला. भावाला अर्धांगाचा झटका आला होता. सिनेमात या भावाचं नाव लाइल, आणि दोघांचं दहा वर्षं बोलणं नाही. अल्विनला नीट दिसत नाही म्हणून गाडीचा परवाना नाही, कंबर गेलेली, दोन काठ्यांवर चालणं. मग 1966 सालचं ते जॉन डिअरचं यंत्र, मागे जोडलेली छकड्यासारखी गाडी आणि पुढे सुमारे 385 किलोमीटरचा रस्ता. वेग ताशी आठेक किलोमीटर. सहा आठवडे लागले. तात्या म्हणाले, "जोडी बरी असती तर ह्याच्या म्होरं गेली असती."

भूमिका केली ती रिचर्ड फार्न्सवर्थ यांनी. अर्धं आयुष्य घोड्यावरून पडण्याची, दुसऱ्यांसाठी मार खाण्याची स्टंटमनची कामं केलेला हा माणूस. चित्रीकरणाच्या वेळी कर्करोग हाडांत उतरला होता. पडद्यावर त्या पायांचं जे दुखणं दिसतं ते वठवलेलं नाही. 79 व्या वर्षी त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं. लिंचनी चित्रीकरण त्याच रस्त्यानं, त्याच क्रमानं केलं. मक्याची शेतं पिवळी पडत जातात ती त्यामुळे खरीखुरी.

सिनेमातली एक जागा मला दर वेळी धरून ठेवते. उतारावर यंत्राचा पट्टा तुटतो, अल्विन कसाबसा वाचतो आणि एका भल्या कुटुंबाच्या परसात मुक्काम टाकतो. घरमालक म्हणतो, मी गाडीनं सोडतो की. हा म्हणतो, नको, माझं मी पुरं करतो. घरी फोन करायचा असतो, तर फोन बाहेर मागवून घेतो, उंबरा ओलांडत नाही आणि फोनचे पैसे ठेवून जातो. पुढे भावाच्या गावाजवळ एका स्मशानात मुक्काम पडतो. तिथल्या पाद्र्याची लाइलशी दवाखान्यात भेट झालेली असते, पण आपल्याला भाऊ आहे हे लाइलनं सांगितलेलं नसतं. पाद्री हे सहज बोलून जातो. अल्विन ऐकून घेतो.

आणि भांडण कशावरून? सिनेमा सांगत नाही. राग, मीपणा, त्यात दारू, एवढंच अल्विन म्हणतो. इथे तात्या नाराज झाले. "कारण सांगीना म्हणजे कसं?" त्यांचं बरोबर आहे. आमच्या जिल्ह्यात भावाभावांच्या वैराला कारण नसतं असं होत नाही. गुंठ्यात, आण्यात, सातबाऱ्याच्या फेरफार क्रमांकासकट सगळं तोंडपाठ असतं.

तात्यांचं कारण मावेजा. सिंदफणेवर माजलगावचं धरण झालं, रान पाण्याखाली गेलं आणि घरं नव्या गावठाणात उठून आली. पहिल्या पैशांवरून काही झालं नाही. ते थोडेच होते आणि दोघे भाऊ एका चुलीवर होते. पुढे कोर्टातून वाढीव मावेजा आला, तो कर्ता म्हणून तात्यांच्या नावावर. त्या सालीच त्यांच्या मुलीचं लग्न होतं. धाकटे नाना हिशेब मागायला आले, तात्यांनी "देतो" म्हणण्याऐवजी "मागतोस?" म्हटलं. नाना बायकोपोरं घेऊन सासुरवाडीला गेले, चौसाळ्याच्या अलीकडे. वाटणीचा दावा लागला. अठरा वर्षं बोलणं नाही. नानांची बायको वारली तेव्हा तात्या मयतीला उभे राहून आले, दहाव्याला गेले नाहीत.

बीड ते ते गाव एसटीनं तासाभराचं. तात्यांनीच मला सांगितलं की ते तीनदा गेले होते. फाट्यावर गाडी थांबली, दोन माणसं उतरली, कंडक्टरनं घंटी मारली आणि हे खिडकीशी बसूनच राहिले. पुढे येडशीपर्यंतचं तिकीट काढून परत. म्हणजे 385 किलोमीटर त्यांनीही केले असतील, फाट्यापासून घरापर्यंतचे तेवढे राहिले.

मराठी सिनेमानं या अंतराचं काय केलं? राजेश मापुसकरांच्या 'व्हेंटिलेटर'नं नेमकं हेरलं की आपल्याकडे माणूस अतिदक्षता विभागात गेल्याशिवाय गोतावळा जमत नाही. गर्दीचा, बोलका, चांगला सिनेमा. पण मला त्याहून जवळची वाटते सुमित्रा भावेंची 'दिठी'. दि. बा. मोकाशींच्या 'आता आमोद सुनांसि आले' या कथेवरची. जवान पोरगा पुरात गेलेला रामजी लोहार, 30 वर्षं वारी करणारा, सुनेनं जन्म दिलेल्या नातीकडे बघायला तयार नाही. किशोर कदमांनी तो जवळजवळ न बोलता उभा केलाय. अडलेल्या गाईला मोकळं करायला तो पावसात बाहेर पडतो. गावातल्या गावात जायचं, पण किती लांबचा रस्ता आहे तो! 2021 च्या मे महिन्यात सिनेमा ओटीटीवर आला. भावे एप्रिलमध्येच गेल्या होत्या.

वारीवरून तात्यांकडेच येतो. दरवर्षी आषाढीआधी मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून निघून बीडात येते. मुक्ताईचे आजोबा गोविंदपंत यांची समाधी बीडात आहे अशी परंपरा, म्हणून इथे आजोबा-नातीची भेट होते. ज्या घराला जातीनं वाळीत टाकलं, त्या घरातली लेक शेकडो वर्षं चालत आजोबांना भेटायला येतेय, आणि आपण रस्त्यावर रांगोळ्या काढतो. दोन वर्षांपूर्वी तात्या त्या पालखीबरोबर निघाले. माळ नाही, टाळ नाही, आधी कधी वारी नाही. घरी म्हणाले, "चार दिवस जाऊन येतो." वारकऱ्याला कुणी कुठे चाललास विचारत नाही, ही मोठी सोय. पालीजवळ बिंदुसरेच्या कडेनं चालले. मांजरसुंब्याचा घाट मात्र दिंडीच्या टेंपोत बसून चढले, हेही त्यांनीच कबूल केलं. अल्विनएवढा ताठा नव्हता.

नानांच्या गावात दिंडीला जेवण होतं. घरोघरच्या भाकऱ्या गोळा केलेल्या, मारुतीच्या पारासमोर पंगत. बादली घेऊन पिठलं वाढत होते नाना. तात्या खाली मान घालून बसलेले. पळी आली, पत्रावळीवर पिठलं पडलं, पाय पुढे गेले. ओळखलं की नाही कळेना. नाना तीन-चार माणसं पुढे गेले, बादली दुसऱ्याच्या हातात दिली आणि घराकडे वळले. तात्यांना वाटलं, संपलं. थोड्या वेळानं परत आले ते एक बाटली घेऊन. तात्या लहानपणापासून पिठल्यावर करडीचं कच्चं तेल घेतल्याशिवाय घास मोडत नाहीत. धार धरली आणि म्हणाले, "पुरे म्हण."

तात्या म्हणाले नाहीत. तेल पत्रावळीबाहेर गेलं.

सिनेमाच्या शेवटी अल्विन भावाच्या मोडक्या घरासमोर उभा राहून हाक मारतो. लाइल वॉकर धरत बाहेर येतो, बस म्हणतो. मग त्याची नजर भावावरून त्या यंत्राकडे जाते, आणि तिथेच अडकते. दोघे काही बोलत नाहीत म्हटलं तरी चालेल. मी तात्यांना सांगायला तोंड उघडलं, त्यांनी हातानं गप्प केलं. पडदा काळा झाल्यावर म्हणाले, "घरात नाही नेलं. बाहेरच बसवलं."

मला वाटलं त्यांना ते खटकलं. तर म्हणाले, "बरोबर केलं. आधी ओसरी, मग घर."

दावा अजून चालू आहे. तारखेला नाना सकाळी बीडच्या स्टँडवर येतात, तात्या तिथे बसलेले असतात आणि दोघे माजलगावच्या गाडीत शेजारी बसतात. 75 पुढच्यांना एसटी फुकट, त्यामुळे तिकीट कुणी काढायचं हा वादही होत नाही.