गॅस बंद केलास ना?

परवा लिफ्टमध्ये एचआरमधली एक मुलगी म्हणाली, "तू लिहितोस ना काहीतरी?" आता या 'काहीतरी'ला काय उत्तर द्यायचं? म्हटलं, "हो, कथा." ती म्हणाली, "वॉव! मग कादंबरी कधी?" तेवढ्यात सातवा मजला आला आणि मी सुटलो.

कथा लिहिणाऱ्याकडे लोक नेटमध्ये प्रॅक्टिस करणाऱ्या पोराकडे बघावं तसं बघतात. खेळतोय बरा, पण मॅचमध्ये कधी येणार? माझ्या सख्ख्या आत्याचाही हाच प्रश्न. तिला सांगून बघितलं, की बाई गं, जी. ए. कुलकर्णींनी कॉनराड रिक्टरच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, पण स्वतः जन्मभर कथाच लिहिल्या. ॲलिस मन्रोबाईंना तर २०१३ साली कथांसाठी थेट नोबेल मिळालं. आत्या म्हणाली, "तुला मिळालं की सांग."

असो. मराठी कथा हे आता हापूससारखं सीझनल पीक आहे. कथा छापणारी बरीचशी मासिकं एकेक करून मिटली. 'सत्यकथा' तर १९८२मध्येच बंद पडलं, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. उरला दिवाळी अंक. 'मनोरंजन'नं १९०९ साली पहिला काढला, तेव्हापासून आपण फराळासोबत वाचतोय. वाचणाऱ्यांची दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, आमची एप्रिल-मेमध्ये. संपादकांचा मेसेज येतो, 'कथा हवी, २५०० शब्द, जुलैअखेर.' मग कुर्ल्याच्या प्लॅटफॉर्मवर घामाघूम होत आपण थंडीतल्या पहाटेचं वर्णन करायचं.

पाठवल्यावर खरा डोक्याला शॉट सुरू होतो. जुन्या लेखकांना निदान 'साभार परत' तरी यायचं. सोबत तिकीट लावलेलं, स्वतःचा पत्ता घातलेलं पाकीट जोडायचं, आणि एक दिवस आपल्याच अक्षरातलं ते पाकीट पोस्टमन दारात टाकून जायचा. लागायचं मनाला, पण विषय तिथं संपायचा. आता दोन निळ्या टिका येतात आणि पुढे ऑगस्ट जातो, गणपती जातात, पितृपक्ष जातो. विचारावं तर चिकट वाटतो, न विचारावं तर झोप नाही.

आणि समजा छापून आलीच, तर फॉन्टचा लोचा. आपण युनिकोडमध्ये टाइप करून पाठवतो. अजूनही काही प्रेसमध्ये जुने फॉन्ट चालतात. मग तिथं फाइल कन्व्हर्ट होते आणि काने-मात्रा-वेलांट्या रस्त्यात सांडतात. माझ्या एका कथेत नवरा-बायकोचं साधं भांडण होतं. भांडण संपतं आणि 'तो उठून मोरीत गेला', एवढंच वाक्य होतं. छापून आलं, 'तो उठून मारीत गेला'. एका वाचकानं आवर्जून कळवलं, घरातली हिंसा तुम्ही फार सूचकपणे आणलीत. मी थँक्यू म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

पैशांचं विचारू नका. विचारलंतच म्हणून सांगतो. गेल्या वर्षी एका कथेचं मानधन आलं १००० रुपये. अंकाची किंमत ३००. आईला एक, आत्याला एक, मला एक आणि ऑफिसात एक, असे चार घेतले. २०० रुपये घालून मी साहित्यसेवा केली.

"मग नोकरी सोड आणि फुलटाइम लिही," असं सांगणारे शहाणे भेटतात. त्यांचा ईएमआय बहुतेक त्यांचे वडील भरतात. वपु काळे महापालिकेत आर्किटेक्ट होते. गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्र शिकवायचे. व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत होते. आणि पगार सोडा, ऑफिस नसतं तर मी लिहिलं कशावर असतं? डोंबिवलीहून ८ वाजून काही मिनिटांची लोकल, कुर्ल्याहून बीकेसीला शेअर रिक्षा, नऊ तास एसी. एवढंच जग आहे माझं. जे काही उचलायचं ते इथूनच.

उचलायचं, हा शब्द बरोबर आहे. कारण ती चौथी कॉपी.

आमच्याकडे ॲडमिनमध्ये एक ताई आहेत. रिटायरमेंटला दोनेक वर्षं उरलीत. रोज दुपारी १ वाजून १० मिनिटांनी, डबा उघडायच्या आधी, त्या घरी फोन लावायच्या. "गॅस बंद केलास ना?" मग जरा थांबायच्या. "बरं." आणि फोन ठेवून पोळीचा तुकडा मोडायच्या. तीन वर्षं मी शेजारच्या टेबलवरून हे ऐकलं. पलीकडचा आवाज कधीच ऐकू आला नाही. इतर लोकांचे फोन कसे टेबलभर ऐकू येतात, तसा पुसटसाही नाही. आणि एक दिवस डोक्यात आलं, पलीकडे कुणी नसलंच तर? बाई रोज रिकाम्या घरी फोन लावत असेल, वाजू देत असेल, आणि स्वतःच स्वतःला 'बरं' म्हणत असेल तर?

बॉस, अशी कथा वर्षातून एकदा मिळते. मोबाइलवर, लोकलमध्ये उभ्या उभ्या लिहिली. नाव बदललं, बीकेसीचं नाशिक केलं, ऑफिसची बँक केली. गॅस मात्र बदलवेना. नळ करून बघितला, गीझर करून बघितला, दाराची कडी करून बघितली. कशालाच ती मजा येईना.

कथा भन्नाट गाजली. म्हणजे आमच्या हिशेबात, सहा फोन आले. सांगलीच्या एक रिटायर्ड शिक्षिका फोनवर रडल्या. मी आठवडाभर जमिनीवर नव्हतो. त्या भरात चौथी कॉपी पँट्रीत मायक्रोवेव्हशेजारी ठेवली. सहज. म्हणजे 'सहज' असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं तर लिफ्टमधल्या त्या 'काहीतरी'चं उत्तर मला तिथं पडलेलं हवं होतं. ताई या ठेवण्यात कुठेही नव्हत्या. तीच तर माझी चूक.

अंक शुक्रवारी गायब झाला. सोमवारी ताई टेबलाशी आल्या आणि अंक माझ्या कीबोर्डवर ठेवला.

"वाचली रे. छान लिहितोस."

मी काहीतरी पुटपुटलो.

"पण त्या बाईला एकटं का पाडलंस?"

"ताई, ती... ती कथा आहे."

"ते कळतं मला. पण पलीकडे कुणीतरी फोन उचलायला द्यायचास."

"मग कथा झाली नसती, ताई."

"नसती झाली तर?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजून नाही. आम्ही कथावाले शिबिरांत, गप्पांत तासन् तास बोलतो, शेवट कसा असावा, किती सांगावं, किती झाकावं. नसती झाली तर काय बिघडतं, हे कुणी कुणाला विचारत नाही.

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि सांगितलं. घरी त्यांचा भाऊ असतो. जन्मापासून बोलत नाही. ऐकतो, सगळं समजतं, स्वतःचा चहाही करून घेतो. ताई फोन लावतात, तो उचलतो आणि रिसीव्हरवर बोटानं टकटक करतो. दोनदा टकटक म्हणजे गॅस बंद. आई गेल्यापासून दोघांचं असं ठरलेलं आहे. नाशिकच्या बँकेतली बाई वाचून त्यांना रात्री झोप लागली नाही, कारण ती बाई म्हणजे त्या नव्हत्या. भाऊ आधी गेला तर होणाऱ्या त्या होत्या.

आणि सांगायला लाज वाटते, पण समोर ताई डोळे पुसत असताना माझ्या डोक्यात पहिला विचार आला, यार, हे तर माझ्या शेवटापेक्षा जबरी आहे. दुसरा विचार सॉरी म्हणायचा. क्रम असा होता. मी सॉरी म्हटलं, त्या "असू दे" म्हणाल्या, आणि मी एक्सेल उघडून तासभर एकाच शीटकडे बघत बसलो.

आता एक प्रकाशक माझा संग्रह करू म्हणतोय. बारा कथा हव्यात. माझ्याकडे अकरा बऱ्या आहेत आणि ही एक चांगली. मित्र म्हणतात, येडा आहेस का, घाल. आई म्हणते, त्यांना विचार. आत्या म्हणते, त्यापेक्षा कादंबरी लिही. मी प्रकाशकाकडून आणखी एक महिना मागून घेतलाय.

हा कॉलम लिहायच्या आधी मात्र ताईंना विचारलं. या वेळी. त्यांनी पूर्ण वाचला, एक अनुस्वार दुरुस्त केला आणि दोन अटी घातल्या. नाव नको. आणि टकटक किती वेळा, ते बदल, ते आमचं आहे. तर तो आकडा वर बदललेला आहे.

रोजचं १ वाजून १० मिनिटांचं अजून चालू आहे. फक्त डबा टेबलावर ठेवून ताई आता फोन करायला जिन्यात जातात. "तिथं रेंज चांगली येते," म्हणाल्या.

आमच्या जिन्यात रेंज येत नाही.