एखादं चांगलं पुस्तक सांग ना!



“एखादं चांगलं पुस्तक सांग ना!” हा प्रश्न आपल्या होस्टेलमध्ये वर्षातून दोनदा हमखास ऐकू येतो. एकदा शेवटचा पेपर झाल्यावर, आणि एकदा १५ ऑक्टोबरच्या आसपास, ‘वाचन प्रेरणा दिना’चं बॅनर लागलं की. उत्तरंही ठरलेली. ‘अग्निपंख’, ‘रिच डॅड पुअर डॅड’, ‘द सीक्रेट’ आणि आता ‘ॲटॉमिक हॅबिट्स’. विचारणारा फर्स्ट इयरचा असो की फायनलचा, सिव्हिलचा असो की कॉम्प्युटरचा, वणीचा असो की पुसदचा, सगळ्यांना तेच. ताप असो की पोटदुखी, गोळी एकच!

या पुस्तकांशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते आपल्या पुस्तक सांगण्याच्या पद्धतीशी. ज्याला सांगतोय त्याच्याकडे न पाहताच आपण नाव सांगून मोकळे होतो. आणि त्याहून मोठं भांडण आहे ‘अवांतर वाचन’ या शब्दाशी. सिलॅबसमध्ये नाही ते सगळं अवांतर! कथा-कादंबऱ्या सोडून माहितीची, विचारांची, अनुभवांची जी पुस्तकं आहेत ना, ती आपल्यासारख्यांसाठी अजिबात अवांतर नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. पटत नसेल तर पुढे वाचा.

आधी माझी अडचण सांगते. मी कॉन्व्हेंटची. मराठी माझ्यासाठी दहावीपर्यंतचा एक विषय होता, त्यामुळे आजही मराठी पान वाचायला मला इंग्रजीच्या दुप्पट वेळ लागतो. माझी रूममेट जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली. ती मराठी पुस्तक एका रात्रीत संपवते, पण इंग्रजी पुस्तक दिसलं की म्हणते, “हे तूच वाच नं, मले काय समजून राहिलं!” म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला अर्धंच कपाट आलं. यावर आम्ही तोडगा काढला. मी इंग्रजी वाचून तिला सांगते, ती मराठी वाचून मला. खाली जी पुस्तकं सांगणार आहे ती या अर्ध्या-अर्ध्या कपाटांतून निघालेली आहेत. आणि कोणतं पुस्तक कोणासाठी, तेही सांगते.

ज्यांची आजी किंवा आजोबा गावाकडे एकटे आहेत, त्यांच्यासाठी अतुल गावंडे यांचं ‘बीइंग मॉर्टल’. हे पुस्तक २०१४ मध्ये आलं आणि जगभर गाजलं. लेखक अमेरिकेतले सर्जन. पण गावंडे हे आडनाव वाचून थबकलात की नाही? त्यांचे वडील आपल्याच जिल्ह्यातले, उमरखेडकडच्या उटी गावचे! उमरखेडचं गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालय या लेखकाच्या आजीच्या नावाचं आहे. पुस्तकाच्या सुरुवातीलाच उटीचे आजोबा सीताराम गावंडे भेटतात. ते जवळजवळ ११० वर्षं जगले. म्हातारपणीही घोड्यावर बसून शेताची पाहणी करायचे, आणि घरातलं कोणी ना कोणी कायम त्यांच्याजवळ असायचं. त्यांच्यासमोर लेखक उभी करतो अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांतली माणसं. औषधं वेळेवर, जेवण वेळेवर, पण कधी उठायचं आणि काय खायचं हे दुसऱ्याने ठरवलेलं. गंमत म्हणजे ‘आपली एकत्र कुटुंबपद्धतीच किती छान’ असं म्हणून लेखक मोकळा होत नाही. आजोबांचं तसं म्हातारपण घरच्यांनी त्यांच्यासाठी वेळ दिला म्हणून शक्य झालं, आणि तरुणांना आपलं स्वतंत्र आयुष्य हवं असतं, हेही तो मांडतो. आपण सगळे चार वर्षांनी पुण्याला नाही तर बंगलोरला जाणार. मग आजीचं काय, हा प्रश्न आपल्या कोणत्या सेमिस्टरला आहे?

सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांसाठी हेन्री पेट्रोस्की यांचं ‘टू इंजिनिअर इज ह्यूमन’ (१९८५). इंजिनिअर चुकतो कसा, याचंच हे पुस्तक आहे. त्यात कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलची घटना येते. १७ जुलै १९८१ ला त्या हॉटेलच्या हॉलमधले वर टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. कारण काय? मूळ डिझाइनमध्ये छतापासून एकच लांब सळई दोन्ही पुलांमधून जाणार होती. नंतर सोय म्हणून एकाऐवजी दोन सळया केल्या. वरचा पूल छताला टांगला आणि खालचा पूल वरच्या पुलाला. झालं! वरच्या जोडावर आला दुप्पट भार. फ्री बॉडी डायग्रॅम काढता येणाऱ्या कोणालाही हे पाच मिनिटांत कळेल. आपल्यालाही ती काढता येते, पण का काढायची ते या पुस्तकाने सांगितलं. ज्यांना हे आवडेल त्यांनी पुढे रिचर्ड फाइनमन यांचं ‘व्हॉट डू यू केअर व्हॉट अदर पीपल थिंक?’ (१९८८) घ्यावं. २८ जानेवारी १९८६ ला ‘चॅलेंजर’ यान कोसळलं, त्याच्या चौकशीची हकिगत त्यात आहे. थंडीत रबराची रिंग कडक होते, हे या माणसाने बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात रबराचा तुकडा बुडवून भर बैठकीत दाखवलं. यापेक्षा स्वस्त प्रॅक्टिकल कोणतं?

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. यवतमाळचं नाव बाहेर सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एकच भाव येतो. आपण बातमीत येतो ते शेतकरी आत्महत्यांसाठी. १९ मार्च १९८६ ला महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायको-मुलांसह जीवन संपवलं. ही महाराष्ट्रातली पहिली नोंदलेली शेतकरी आत्महत्या मानली जाते. आपल्या होस्टेलमध्ये निम्म्या मुलामुलींची फी कापसावर आणि सोयाबीनवर भरली जाते, पण असं का होतं यावर मेसमध्ये वाद झाला की सगळे व्हॉट्सॲपवरचं ऐकवतात. अशा वाद घालणाऱ्यांसाठी दोन पुस्तकं.

एक, पी. साईनाथ यांचं ‘एव्हरीबडी लव्ज अ गुड ड्रॉट’ (१९९६), मराठीत ‘दुष्काळ आवडे सर्वांना’. यात यवतमाळ नाही. ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश, तामिळनाडूमधले गरीब जिल्हे आहेत. तरी वाचा, कारण योजना कागदावर कशी दिसते आणि गावात पोचल्यावर तिचं काय होतं हे त्यात दिसतं. ओरिसातल्या एका भागात विदेशी संकराच्या गाई करायच्या म्हणून स्थानिक वळूंचं खच्चीकरण केलं गेलं. शेवटी हाती आली मोजकी वासरं, आणि जो चांगला देशी वाण होता तोही संपत आला. लोकांना आधी कोणी विचारलंच नव्हतं. आपणही उद्या कुठल्यातरी योजनेची ड्रॉइंग काढणार आहोत, म्हणून हे आपल्या कामाचं.

दुसरं, महात्मा फुले यांचं ‘शेतकऱ्याचा असूड’, १८८३ चं. भाषा जुनी आहे, मला दोन ठिकाणी रूममेटची मदत घ्यावी लागली. पण फुले स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते हे किती जणांना माहीत आहे? म्हणूनच ते नुसते रडगाणं गात नाहीत, उपाय सांगतात. पावसाचं पाणी शेतात जिरावं म्हणून बंधारे घाला आणि ते काम लष्कर-पोलिसांतल्या फालतू लोकांकडून करून घ्या, असं ते सरकारला सुचवतात. आपण ज्याला वॉटरशेड म्हणून युनिट चारमध्ये पाठ करतो, ते या माणसाने १४० वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय.

गर्ल्स होस्टेलच्या मुलींसाठी, आणि खरं तर बॉइज होस्टेलच्या सगळ्यांसाठी, ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’. १८८२ मध्ये छापलं गेलं. ताराबाई बुलढाण्याच्या, म्हणजे आपल्या वऱ्हाडातल्याच. पुस्तक छोटंसं आहे, एका रविवारी होतं. सगळे दोष बायकांच्याच माथी का मारता, तेच पुरुषांत नाहीत का, असं त्या इतक्या रोखठोक विचारतात की आजच्या वादविवाद स्पर्धेत पहिलं बक्षीस घेतील. त्या काळी त्यांच्यावर टीका झाली. त्यानंतर त्यांचं दुसरं पुस्तक आलं नाही. हे वाचून मला राग आला, आणि पुस्तकाने राग आणावा हेही चांगलंच.

ज्यांना जंगलाची ओढ आहे त्यांनी मारुती चितमपल्ली यांचं ‘चकवा चांदणं’ हातात घ्यावं. वनाधिकारी म्हणून नवेगाव, नागझिरा, मेळघाट अशा रानांत त्यांचं आयुष्य गेलं. जून २०२५ मध्ये ते वारले. आपल्याकडे टिपेश्वर आहे, आणि २ नोव्हेंबर २०१८ ला मारलेल्या ‘अवनी’ वाघिणीवरून आपण सगळ्यांनीच घरी कडाक्याचे वाद ऐकलेत. त्या वादात दोनच बाजू होत्या, मारा किंवा मारू नका. जंगलाजवळ राहणारा माणूस आणि जनावर यांचं नातं या दोन शब्दांत बसत नाही, हे चितमपल्ली वाचताना कळत जातं. जाडजूड आहे, सुरुवात संथ आहे, पण धीर धरा.

आता तुम्ही म्हणाल, एवढं वाचायला वेळ कुठे आहे? यूट्यूबवर दहा मिनिटांत सारांश मिळतो की! मिळतो ना. पण मला सांगा, आपल्या पेपरात नुसतं शेवटचं उत्तर लिहिलं तर किती मार्क पडतात? स्टेप्सना मार्क असतात. सारांश म्हणजे स्टेप्स नसलेलं उत्तर. लेखक तिथे पोचला कसा, मध्ये कुठे अडला, पुरावा काय दिला, हे सगळं पुस्तकात असतं आणि नेमकं तेच सारांशात गळतं. दुसरा प्रश्न असतो, प्लेसमेंटला काय उपयोग? थेट उपयोग नाही, खोटं कशाला बोलू. पण पुलाच्या सळईवर सही करायची वेळ येईल तेव्हा उपयोग होईल.

आणि कृपया ‘इकडे कोणी वाचत नाही’ हे पालुपद नको. याच यवतमाळात १९७३ मध्ये गदिमांच्या आणि २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनं झाली. वाचणारे आहेत. त्यांना एकमेकांचा पत्ता लागत नाही, एवढंच.

म्हणून ग्रंथपाल सरांना आणि रेक्टर मॅडमना तीन नम्र विनंत्या. पहिली, आम्हाला दोन कार्डं मिळतात आणि दोन्ही टेक्स्टबुकांत अडकतात. कथा-कादंबऱ्या आणि इतर पुस्तकांसाठी तिसरं कार्ड द्यावं. दुसरी, प्रॅक्टिकल पाचला संपतात आणि लायब्ररीही पाचलाच बंद होते. आठवड्यातून दोन दिवस तरी ती सातपर्यंत उघडी ठेवावी. तिसरी सगळ्यात स्वस्त. काउंटरवर एक दोनशे पानी वही ठेवावी, ‘शिफारस वही’. ज्याने पुस्तक परत केलं त्याने चार ओळी लिहायच्या. पुस्तकात काय आहे, कोणासाठी आहे, कुठे कंटाळा येतो, आणि कोणत्या पानापासून सुरू करावं. सरांनी आणि शिपाईकाकांनीही लिहावं. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन हे मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातल्या एकाचा भाव असा, की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. तो वाचक शोधायला वहीच लागते, बॅनर नाही.

तेव्हा दोस्तांनो, यापुढे कोणी “एखादं चांगलं पुस्तक सांग ना” म्हटलं, तर आधी त्याला विचारा, “तुझं सध्या काय चाललंय?” आणि मग सांगा. वही आली की पहिलं पान मी भरते. दुसरं कोण भरणार?