सांगावे, पण ओढू नये

पैनगंगेच्या दक्षिणेस पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आदिलाबादच्या मराठी घरांना नाना धर्मांचा शेजार नवा नाही. पौषी अमावास्येस केसलापूरला नागोबाच्या यात्रेसाठी गोंड बांधव लोटतात, बासरच्या सरस्वतीपुढे मुले पहिली अक्षरे गिरवितात, आणि नाताळात प्रार्थनामंदिरांतून तेलुगू गीते ऐकू येतात. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तरी हा शेजार काही विभागला गेला नाही. अशा ठिकाणी ख्रिस्ती कुटुंबापुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो. आपणांस ज्या श्रद्धेने आधार दिला ती शेजाऱ्यास सांगावी की नाही? न सांगावी तर मनास टोचणी लागते. सांगावी तर जुना स्नेह तुटण्याचे भय वाटते.

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या चरित्रात सापडते. १८९३ साली टिळक नोकरीनिमित्त राजनांदगावास आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. त्यांनी प्रथम धर्माचा विषय काढलाच नाही. संस्कृत काव्यासंबंधी आस्थेने संभाषण केले. पुढे ख्रिस्ताविषयी बोलणे निघाले, आणि निरोप घेताना त्यांनी ‘नवा करार’ टिळकांच्या हाती देऊन तो वाचण्याचे वचन तेवढे घेतले. ना वाद, ना निंदा, ना आमिष. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. मात्र तुकोबांस ते विसरले नाहीत. त्यांच्याच पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. ज्याचे पूर्वसंचित कोणी तुच्छ लेखले नाही, त्याला ते फेकून द्यावे लागले नाही.

परंतु या कथेची दुसरी बाजू घरातली आहे, आणि ती अधिक हृदयद्रावक आहे. पतीच्या धर्मांतराने लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांना कित्येक वर्षे आप्तांच्या आधाराने काढावी लागली. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हे सारे निर्मळपणे सांगितले आहे. श्रद्धा बदलणाऱ्याला शांती लाभली तरी तिचे मोल कधी कधी घरातील दुसऱ्याला मोजावे लागते, हे प्रचारकाने विसरू नये. पुढे त्या नगरास पतीसह राहू लागल्या, तेव्हा त्यांचे सोवळे आणि वेगळी चूल टिळकांनी चालू दिली. जातिभेद माणसाने निर्माण केला, हा निर्णय लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने केला, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चुलीवर बळजबरी झाली असती, तर मनाचे दार कदाचित कायमचे बंद झाले असते.

करुणेचे आणखी एक उदाहरण गोदावरीपलीकडे, शेजारच्या निजामाबाद जिल्ह्यात डिचपल्ली येथे आहे. डॉ. इझाबेल केर आणि त्यांचे पती रेव्हरंड जॉर्ज केर यांनी १९१५ च्या सुमारास तेथे कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय उभारले. समाजाने ज्यांना गावकुसाबाहेर घातले होते, त्यांना तेथे चालमोगऱ्याच्या तेलाची सुई मिळू लागली. या कार्यास मोठी देणगी देणारे राजा नरसा गौड हे हिंदू होते. श्रद्धा एकाची, दान दुसऱ्याचे, आणि लाभ दुःखिताचा! सेवा ही श्रद्धेची साक्ष होऊ शकते. ती श्रद्धेची किंमत होऊ लागली की साक्ष संपते आणि सौदा सुरू होतो. भुकेल्याने भाकरीसाठी मान डोलावली, तर त्यात भाकरीचा विजय आहे, विश्वासाचा नव्हे.

आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने प्रत्येकास धर्माचे आचरण व प्रसार यांचे स्वातंत्र्य दिले आहे. त्या प्रसाराचा अर्थ आपली तत्त्वे समजावून सांगणे असा असून, दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा मूलभूत हक्क त्यात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्पष्ट केले. कायद्याने आखलेली ही रेषा प्रेमानेही मान्य करावी अशीच आहे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. शेजाऱ्याचे आधी ऐकावे. त्याच्या देव्हाऱ्याविषयी आदराने बोलावे. विचारले असता आपली श्रद्धा न लाजता सांगावी. आणि मग थांबावे. त्याने ‘नको’ म्हटले तरी त्याच्या आजारपणात आपली पेज पूर्वीसारखीच पोहोचावी. आणि इतर वाचकांसही आमची विनंती आहे: आपल्या घरातील कोणी वेगळी वाट धरली, तर निदान त्याचे पान वाढणे थांबवू नये. लक्ष्मीबाईंच्या वाट्यास आली तशी वर्षे दुसऱ्या कोणा घराच्या वाट्यास येऊ नयेत, हे पाहणे दोन्ही बाजूंच्या हाती आहे.